बिनपगारी उन्हाळ्याचा हिशेब

'उमेदवार' हा शब्द आज आपण निवडणुकीपुरता आणि मुलाखतीच्या पत्रापुरता वापरतो. पण आपल्या पणजोबांच्या पिढीत त्याला आणखी एक अर्थ होता. मामलेदार कचेरीत, वकिलाच्या बैठकीत किंवा पेढीवर पगाराशिवाय राबणारा, नक्कल उतरवणारा, दौत भरून ठेवणारा आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा तरुण म्हणजे उमेदवार. त्याच्या हाती महिन्याअखेर काही पडत नसे. फारसीतून आलेली 'उमेद' तेवढी असे. अशी उमेदवारी सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षेही चाले.

जुन्या आठवणी वाचताना माझे लक्ष नेहमी एका बारीक गोष्टीकडे जाते. हा उमेदवार जेवायचा कुठे? उत्तर बहुतेक वेळा एकच असते. तालुक्याच्या गावी त्याचा कोणी मामा, कोणी चुलता राहत असे. ज्याचा मामा तालुक्याला नव्हता, तो उमेदवार झालाच नाही. त्यामुळे त्याच्या आठवणीही लिहिल्या गेल्या नाहीत.

मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. सांगलीत एका करसल्लागाराकडे हिशेब लिहिण्यात माझी तीस वर्षे गेली. जे वाचले ते संध्याकाळी, नगरवाचनालयात आणि अलीकडे संगणकावर. या लेखाचा विषय आहे अमेरिकेतल्या कॉलेजांनी आपल्या विद्यार्थ्यांना बिनपगारी उन्हाळी इंटर्नशिपसाठी द्यायचे अनुदान. सांगलीच्या माणसाने त्यात डोके घालण्याचे कारण घरातलेच आहे. माझी भाची मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका लहान कॉलेजात शिकते. तिने एका रात्री फोनवर आपला उन्हाळ्याचा हिशेब मला वाचून दाखवला आणि विचारले, "मामा, यात माझं काय चुकतंय ते सांगशील का?" तिचे काही चुकत नव्हते. तो हिशेब पुढे येईलच, पण त्याआधी अमेरिकेतला उन्हाळा समजून घेतला पाहिजे.

तिथले शैक्षणिक वर्ष मे महिन्यात संपते आणि ऑगस्टच्या अखेरीला पुन्हा सुरू होते. मधले तीन महिने विद्यार्थी कमवायचे. हॉटेलात वाढणे, पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक म्हणून बसणे, शेतावर, दुकानात, कारखान्यात काम करणे ही तिथली मळलेली वाट. त्या कमाईतून पुढच्या वर्षाच्या फीचा एक हिस्सा निघे. श्रीमंत घरची मुलेही हे करत आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

गेल्या चाळीसेक वर्षांत या तीन महिन्यांवर इंटर्नशिपने हक्क सांगितला. पदवीनंतर नोकरी मागायला जाल तेव्हा 'उन्हाळ्यात काय केलेत?' हा प्रश्न येणार, आणि त्याला 'हॉटेलात प्लेटा उचलल्या' हे उत्तर चालत नाही. संग्रहालय, वर्तमानपत्र, लोकप्रतिनिधीचे कार्यालय, मानवी हक्कांची संस्था, प्रयोगशाळा यांपैकी काहीतरी सांगता आले पाहिजे. इथे एक फाटा फुटतो. संगणक, अभियांत्रिकी, बँका आणि मोठे सल्लागार उद्योग इंटर्नला पगार देतात, काही तर भरघोस देतात. पण कला, पत्रकारिता, सार्वजनिक धोरण, समाजकार्य, पर्यावरण, संग्रहालये या क्षेत्रांत पगार न देण्याची रीत पडली. उद्या देशाची वर्तमानपत्रे कोण लिहील, कायद्याचे मसुदे कोण करील, संग्रहालयात काय मांडायचे हे कोण ठरवील, ते या बिनपगारी दारातून कोणाला आत येता आले यावर अवलंबून राहू लागले.

अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा असताना हे चालते कसे? फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट हा तिथला कायदा १९३८चा. त्यात पळवाट पडली ती १९४७ साली, आणि तीही रेल्वेच्या यार्डात. पोर्टलँड टर्मिनल नावाची रेल्वे कंपनी ब्रेकमनच्या कामासाठी येणाऱ्या तरुणांना सात-आठ दिवस शिकवायची आणि त्या दिवसांचे पैसे द्यायची नाही. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी निकाल लिहिला. या शिकाऊंमुळे कंपनीचा तत्काळ फायदा होत नाही, ते कोणा कामगाराची जागा घेत नाहीत, उलट कामात अडथळाच होतो. म्हणून ते कायद्याच्या अर्थाने कामगार नाहीत, असा त्याचा आशय. आठवडाभराच्या शिकवणीसाठी दिलेला हा निकाल पुढे तीन-तीन महिन्यांच्या इंटर्नशिपला छत्री म्हणून वापरला गेला.

२०१० साली श्रम खात्याने सहा कसोट्यांचे एक पत्रक काढले. नफा कमावणाऱ्या कंपनीने इंटर्नला पगार द्यायचा नसेल, तर त्या सहाही कसोट्या पुऱ्या झाल्या पाहिजेत, असा त्याचा रोख होता. पुढच्याच वर्षी 'ब्लॅक स्वान' या गाजलेल्या चित्रपटावर बिनपगारी राबलेल्या दोन इंटर्ननी फॉक्स सर्चलाइट कंपनीवर दावा लावला. कॉफी आणणे, जेवणाच्या ऑर्डरी घेणे, कागद लावणे ही त्यांची कामे होती. २०१३ साली जिल्हा न्यायालयाने त्यांना कामगार मानले. देशभर खळबळ उडाली आणि काही प्रकाशनसंस्थांनी इंटर्न ठेवणेच थांबवले. पण २०१५ साली अपील न्यायालयाने तो निकाल फिरवून वेगळी कसोटी सांगितली: या व्यवहारात मुख्य लाभ कोणाचा, विद्यार्थ्याचा की मालकाचा? २०१८च्या जानेवारीत श्रम खात्यानेही हीच कसोटी स्वीकारली. अभ्यासक्रमाशी सांधा असेल, कॉलेज क्रेडिट देत असेल, तर लाभ विद्यार्थ्याचा आहे असे दाखवणे मालकाला सोपे जाते. म्हणून कित्येक जाहिरातींत 'क्रेडिट मिळणाऱ्यांनीच अर्ज करावा' अशी ओळ असते. आणि उन्हाळ्यातल्या क्रेडिटची फी पुष्कळ कॉलेजे वेगळी आकारतात. म्हणजे काही मुले फुकट काम करतात आणि वर त्या कामाची फी भरतात! रॉस पर्लिन यांनी २०११ साली 'इंटर्न नेशन' या पुस्तकात या कारभाराचा पंचनामा केला आहे.

आणि हे सगळे नफा कमावणाऱ्या कंपन्यांपुरते. धर्मादाय संस्था आणि सरकारी कचेऱ्या यांना स्वयंसेवक घेण्याची मुभा आधीपासूनच आहे. कॉलेजांचे अनुदान जाते ते मुख्यतः याच जागांकडे.

या अनुदानाची कल्पना साधी आहे. विद्यार्थ्याने बिनपगारी जागा मिळवायची, तिचे पत्र आणायचे, राहण्या-जेवणाचा अंदाजपत्रकी हिशेब जोडायचा. कॉलेज त्याला एक ठोक रक्कम देईल. १९९६ साली प्रिन्स्टन विद्यापीठात १९६९च्या तुकडीच्या माजी विद्यार्थ्यांनी नागरी सेवेच्या इंटर्नशिपची अशी योजना उभी केली. शिकागो विद्यापीठाचा मेटकाफ इंटर्नशिपचा उपक्रम १९९७चा. काही लॉ स्कूलमध्ये तर विद्यार्थीच दरवर्षी लिलाव मांडतात. प्राध्यापकाच्या घरचे जेवण किंवा त्याच्याबरोबर एक संध्याकाळ यावर बोली लागते आणि जमलेल्या पैशातून गरिबांचे खटले लढणाऱ्या संस्थांत उन्हाळी काम करणाऱ्यांची सोय होते. मला ही रीत फार आवडली. आपल्याकडे एखाद्या सरांच्या घरच्या पुरणपोळीवर बोली लावायला माजी विद्यार्थी नक्की जमतील.

पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते स्मिथ कॉलेजचे पाऊल. हे मॅसॅच्युसेट्समधले मुलींचे नामांकित कॉलेज. रूथ सिमन्स तिथे १९९५ ते २००१ या काळात अध्यक्ष होत्या. टेक्सासमधल्या खंडकऱ्याच्या घरात, बारा भावंडांतली धाकटी म्हणून त्या वाढल्या. त्यांच्या कारकिर्दीत 'प्रॅक्सिस' ही योजना आली. तिचे वेगळेपण रकमेत नव्हते. पात्र असलेल्या प्रत्येक विद्यार्थिनीला शिक्षणाच्या काळात एकदा हे अनुदान मिळणारच, असे कॉलेजने सांगितले. ही बक्षिसाची स्पर्धा नव्हती. पुढे शेजारच्या माउंट होल्योक कॉलेजनेही अशीच हमी दिली.

स्पर्धा आणि हमी यांतला फरक कागदावर लहान दिसतो. स्पर्धेत अर्जाची शेवटची तारीख मार्चमध्ये, निकाल एप्रिलमध्ये, आणि तोवर मुलीला जागेला होकार द्यायचा की नाही हे कळत नाही. ज्या घरात पाठबळ आहे ती आधी होकार देते आणि अनुदान मिळाले तर उत्तम म्हणते. जिला अनुदानाशिवाय जमणारच नाही, ती होकार देऊ शकत नाही. पुष्कळदा अर्जही करत नाही. म्हणजे गरजूंसाठी काढलेल्या योजनेत गरजूच आधी गळतात. हमीमुळे हा पेच सुटतो. मुलगी डिसेंबरमध्येच सांगू शकते की माझी इतक्या डॉलरची सोय आहे.

आता रकमेकडे वळतो, कारण माझा हात त्यावर बसलेला आहे. उन्हाळी इंटर्नशिप साधारण दहा आठवड्यांची, आठवड्याला चाळीस तास, म्हणजे ४०० तास. 'प्रॅक्सिस'ची सुरुवातीची रक्कम होती २,००० डॉलर. तेव्हाचे संघराज्याचे किमान वेतन होते तासाला ५.१५ डॉलर. गुणाकार केला तर २,०६० येतात. ही रक्कम कोणी अशी मोजून ठरवली होती की योगायोगाने जुळली, ते असो. पण त्या काळी अनुदान म्हणजे जवळजवळ कायद्याचा किमान पगारच होता, फक्त तो मालकाऐवजी कॉलेज देत होते. माउंट होल्योकची रक्कम देशातल्या इंटर्नशिपसाठी ३,००० डॉलर ठरली. संघराज्याचे किमान वेतन २००९पासून ७.२५ डॉलरवर थांबलेले आहे; त्याने ४०० तासांचे २,९०० होतात. पुन्हा जुळले! पण हे जुळणे फसवे आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याचे स्वतःचे किमान वेतन २०२३पासून १५ डॉलर आहे; त्याने ६,००० होतात. वॉशिंग्टन शहराचे २०२४च्या जुलैत साडेसतरा होते; त्याने ७,००० होतात. आणि बिनपगारी जागा आहेत कुठे? बॉस्टन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशा महागड्या शहरांतच. ३,००० डॉलरचे अनुदान तिथे फार तर निम्मा पगार भरते.

माझ्या भाचीचा हिशेब आता देतो. २०२४च्या उन्हाळ्यात तिला बॉस्टनमधल्या एका छोट्या संग्रहालयात जुन्या पत्रांची सूची करण्याचे काम मिळाले. पगार नाही. कॉलेजचे अनुदान ३,००० डॉलर. दुसऱ्या मुलींबरोबर वाटून घेतलेल्या खोलीचे भाडे महिना ९५०, अडीच महिन्यांचे २,३७५. मेट्रोचा मासिक पास ९० डॉलर, असे तीन, म्हणजे २७०. उरले ३५५. दहा आठवड्यांचे जेवण त्यात, म्हणजे आठवड्याला पस्तीस डॉलर. तांदूळ, डाळ, अंडी यांवर काटकसरीने जमेल असे तिने धरले होते.

मग करकपात झाली. अमेरिकेत शिष्यवृत्तीचा जो भाग फी आणि पुस्तकांवर खर्च होतो तो करमुक्त. राहण्या-जेवणासाठी दिलेला भाग करपात्र. परदेशी विद्यार्थ्याच्या अशा रकमेतून १४ टक्के आधीच कापले जातात. ३,००० वर ४२० डॉलर कापले गेले. पस्तीस डॉलर आठवड्याचे गणित तिथेच संपले. जेवणासाठी उरले उणे ६५. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन घेता येते. इतर देशांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना ही सवलत नाही. त्यामुळे विवरणपत्र भरल्यावर तिचे हे पैसे परत मिळाले. पण मिळाले ते पुढच्या वसंतात, आणि भूक जुलैमधली होती.

त्यातही अनुदान दोन हप्त्यांत. अर्धे जूनमध्ये आणि उरलेले शेवटचा अहवाल दिल्यावर सप्टेंबरमध्ये. घरमालकाला मात्र पहिल्या महिन्याचे भाडे आणि तेवढीच अनामत मेअखेरीला हवी होती: १,९०० डॉलर. ते कुठून आणायचे? विद्यार्थी व्हिसावर कॉलेजच्या आवाराबाहेर कमाईचे काम करता येत नाही. इंटर्नशिप जरी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मंजूर करून घेतली असली, तरी शनिवारी कोणाची मुले सांभाळून चार पैसे मिळवणे तिला वर्ज्य. शेवटी तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, दीड हजार डॉलर पाठवले. तेव्हाच्या भावाने सव्वा लाख रुपये. बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिने ते पतसंस्थेतून उचलले.

म्हणजे तालुक्याला मामा असावा लागतो, तशी मायदेशी पतसंस्था असावी लागली. भाचीची खोलीतली मैत्रीण ओहायो राज्यातल्या कष्टकरी घरातली, अमेरिकन नागरिक. तिलाही एका संस्थेत जागा मिळाली होती आणि अनुदानही मंजूर झाले होते. मे महिन्यातले १,९०० डॉलर तिला कोणी दिले नाहीत. ती गावी परतली आणि उन्हाळाभर गोदामात खोकी लावत राहिली. कॉलेजच्या दप्तरी तिची नोंद 'अनुदान नाकारले' अशी झाली असणार.

या हिशेबात एक आकडा मी अजून घेतलेला नाही, आणि खरा घोळ तिथेच आहे. ती उन्हाळ्यात कॉलेजच्या ग्रंथालयात राहिली असती, तर १५ डॉलर तासाने ४०० तासांचे ६,००० डॉलर मिळाले असते. परदेशी विद्यार्थ्याला सुटीत आवारात पूर्णवेळ काम करता येते. ही गेलेली कमाई कोण भरून देणार? प्रश्न नुसता काल्पनिक नाही. अमेरिकन कॉलेजे आर्थिक मदत ठरवताना एका रकान्यात विद्यार्थ्याचा वाटा लिहितात. तू उन्हाळ्यात इतके कमावशील आणि फीत इतकी भर घालशील, असे गृहीत धरलेले असते. भाचीच्या पत्रात हा आकडा दोन हजारांच्या आसपास होता. एकच कॉलेज एका खिडकीतून सांगते, बिनपगारी काम कर, आम्ही तीन हजार देतो. आणि शेजारच्या खिडकीतून सांगते, उन्हाळ्याच्या कमाईतले दोन हजार आण. दोन खिडक्यांच्या मध्ये एक भिंत आहे आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे बसलेली आहेत.

ही भिंत पाडणारे एक उदाहरण आहे. विल्यम्स कॉलेजने २०२२ साली आपली मदतीची पद्धत बदलली. कर्ज काढून टाकले आणि त्याबरोबर उन्हाळ्यात आणि वर्षभरात कमावण्याची अटही काढून टाकली. विल्यम्सकडे प्रचंड ठेवी आहेत आणि विद्यार्थी दोनेक हजारच, त्यामुळे त्यांना हे परवडले. काही कॉलेजे एवढे करत नाहीत, पण अनुदान घेणाऱ्याचा उन्हाळी वाटा माफ करतात किंवा भरून देतात. मला विचाराल तर अनुदान हजाराने वाढवण्यापेक्षा हा वाटा माफ करणे आणि पूर्ण रक्कम मे महिन्यात हातात देणे यांनी जास्त मुलींना दार उघडेल. दुसऱ्या गोष्टीला तर जास्तीचा खर्चही नाही.

आता या अनुदानावरचा मोठा आक्षेप. कॉलेज पैसे देते म्हणून मालकाला पगार द्यावा लागत नाही. मग ही मदत विद्यार्थ्याला की मालकाला? आक्षेपात तथ्य आहे. अनुदान असलेल्या कॉलेजांची मुले 'फुकट' मिळतात हे संस्थांना माहीत असते. त्यामुळे फुकटची रीत टिकते, आणि ज्यांच्या कॉलेजात अनुदान नाही त्यांची अडचण वाढते. अमेरिकेतले बहुसंख्य विद्यार्थी अशा ठेवीवाल्या कॉलेजांत नाहीत. ते सरकारी विद्यापीठांत आणि दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मॅथ्यू होरा यांच्या गटाने अशा विद्यार्थ्यांना विचारले. इंटर्नशिप न केलेल्यांत पुष्कळांना ती करायची होती. आड आली ती चालू असलेली पगारी नोकरी, अभ्यासाचा भार, पैसा.

मिळणाऱ्या फळाचाही विचार केला पाहिजे. कॉलेजे आणि नोकरी देणाऱ्यांची 'नेस' नावाची राष्ट्रीय संघटना दरवर्षी पदवीधरांची पाहणी करते. २०१३च्या तुकडीत पगारी इंटर्नशिप केलेल्या सुमारे ६३ टक्के जणांना नोकरीचा किमान एक देकार आला होता. बिनपगारी केलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के. आणि काहीच न केलेल्यांत ३५! या आकड्यांवरून लोक पटकन म्हणतात की बिनपगारी काम व्यर्थ. मी तसे म्हणणार नाही. पगारी जागा मुळात अभियंत्यांना आणि हिशेबनीसांना मिळतात, आणि त्यांना नोकऱ्याही लवकर मिळतात. तुलना दोन वेगळ्या जातींच्या आंब्यांची आहे. पण एवढे खरे की 'आत्ता फुकट राबा, पुढे सोने होईल' असे छातीठोक सांगण्याइतका पुरावा या आकड्यांत नाही.

मग उपाय काय? मालकाने पगार देणे. हे होऊ शकते याचा दाखला अमेरिकेच्या राजधानीतच आहे. संसदेतल्या कार्यालयांत हजारो इंटर्न फुकट राबत. २०१६ साली 'पे अवर इंटर्न्स' नावाची संघटना कार्लोस मार्क वेरा या तरुणाने सुरू केली. तो स्वतः असा फुकट राबलेला. दोन वर्षांत, २०१८ साली, संसदेने दोन्ही सभागृहांच्या इंटर्नसाठी मिळून सुमारे १.४ कोटी डॉलरची तरतूद केली. २०२२च्या शरदात व्हाइट हाउसने आपल्या इतिहासात पहिल्यांदा इंटर्नना पैसे दिले, आठवड्याला ७५० डॉलर. मध्यंतरी २०१९ साली कला-संग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेने सदस्य संग्रहालयांना इंटर्नना पगार देण्याचे आवाहन केले. जे कित्येक वर्षे 'परवडत नाही' म्हणून सांगितले जात होते, ते आकडा लिहिल्यावर परवडले. तरीही बॉस्टनचे ते छोटे संग्रहालय उद्या पगार देईल असे नाही. तिथे पगारी माणसेच चार आहेत. अशा जागांसाठी कॉलेजचे अनुदान लागणारच, आणि मला त्यात गैर वाटत नाही. व्हाइट हाउसला एक न्याय आणि चार माणसांच्या संग्रहालयाला तोच, असे करून चालणार नाही.

शिकणाऱ्याच्या पोटाची सोय कोणी करायची हा आपल्याला नवा प्रश्न नाही. पुण्यात वार लावून जेवणारी आणि माधुकरी मागणारी मुले शिकली. त्यांचा खर्च समाजाने उचलला, पण तो एकाच जातीच्या मुलांचा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहांची रांग उभी केली, ती नेमकी या फटीवर बोट ठेवून. भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत आणि पुढे १९४७ साली निघालेल्या साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' राबवले. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजची रीत बरीच अशीच आहे. तिथे १८९२पासून शिकवणीची फी नाही आणि प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान दहा तास काम करतो. उन्हाळी अनुदान याच्या उलट टोकाला आहे. ते म्हणते, शिकायचे आहे म्हणून या तीन महिन्यांत कमवू नकोस, तेवढे आम्ही बघतो. दोन्ही रीतींत एक समान आहे: पोटाचा हिशेब आधी केलेला आहे.

आपल्या विद्यापीठांत आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत 'ऑन जॉब ट्रेनिंग' आले आहे. चार क्रेडिट, साधारण १२० तास. अनुभव मिळेल तो चांगलाच. पण त्या तासांचे पैसे देण्याचे बंधन कोणावर नाही, आणि जे सरकारी पैसे आहेत ते दुसरीकडे आहेत. २०२४ साली राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली: बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,०००, पदवीधराला १०,०००. त्याच वर्षी केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली: महिना ५,००० आणि सुरुवातीला एकदा ६,०००. दोन्ही योजनांत एक अट सारखी आहे. ज्याचे पूर्णवेळ शिक्षण चालू आहे तो पात्र नाही. शिक्षण संपलेल्याला विद्यावेतन आहे. शिकता शिकता सक्तीने काम करणाऱ्याला नाही.

आमच्या भागातल्या एका कॉलेजची बी.कॉम.ची एक मुलगी गेल्या हिवाळ्यात मला भेटायला आली. ट्रेनिंगसाठी आमच्या कार्यालयात जागा मिळेल का, असे विचारत होती. जत तालुक्यातली. एसटीचा सवलतीचा पास गाव ते कॉलेज या मार्गाचा. सांगलीपर्यंतचे पुढचे भाडे वेगळे. शेंगा फोडायच्या आणि द्राक्षांच्या हंगामात आईबरोबर मजुरीला जाते, ते दिवस बुडणार ते आणखी वेगळे. मी तिला कागदावर १२० तासांचे दिवस मांडून दाखवले. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. आमच्या साहेबांनी तिचे भाडे आणि दुपारचे जेवण देण्याचे कबूल केले, आणि ते पहिल्या दिवशीच द्यायचे असे मी त्यांच्याकडून लिहून घेतले.